शिकाऊ हात

मागील अंकात हे सदर आले नाही, याबद्दल वाचकांची क्षमा मागतो. संपादकांनी 'लेखकाच्या प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे' असा मोघम खुलासा छापला आणि त्यामुळे काचीगुड्यापासून सुलतानबाजारापर्यंतच्या स्नेह्यांनी आमच्या घरी रीघ लावली. एक गृहस्थ तर शहाळी घेऊन आले आणि आम्ही दारात उभे राहून वर्तमानपत्र वाचत आहोत हे पाहून किंचित हिरमुसले. प्रकृती आता ठीक आहे. परंतु जे घडले ते सांगण्याजोगे वाटते, म्हणून नेहमीचा विषय बाजूस ठेवून तेच लिहीत आहोत. विषय मोठ्या आतड्याचा आहे. ज्यांचे जेवण व्हावयाचे असेल त्यांनी अंक तूर्त मिटून ठेवावा हे उत्तम.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या रक्तातील हिमोग्लोबिन तेरावरून साडेनवावर उतरले. पंचाहत्तरी गाठलेल्या पुरुषाच्या अंगातून रक्त असे गुपचूप नाहीसे होऊ लागले, तर ते कोठे जाते हे दुर्बीण घालून पाहावे लागते, हे ज्याने चाळीस वर्षे डॉक्टरकी केली त्याला कोणी सांगावयास नको. तोंडावाटे दुर्बीण घालून जठर पाहून झाले; तेथे काही सापडले नाही. राहिली खालची बाजू, म्हणजे कोलोनोस्कोपी. तिच्यासाठी जे संमतिपत्र हाती आले, त्यात बऱ्याच खाली एक प्रश्न छापलेला होता : ही तपासणी अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिकाऊ डॉक्टरने केल्यास आपली हरकत आहे काय? पुढे दोन रिकामे चौकोन. त्या चौकोनांपुढे पेन धरून आम्ही बराच वेळ बसलो. का बसलो, हे समजण्यासाठी प्रथम आमच्या भाचीची हकीकत सांगितली पाहिजे.

ही भाची एम. डी. होऊन आता पोटविकारांतील डी. एम. या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. दुर्बीण चालवावयास ती इतरांसारखीच शिकत होती. म्हणजे जमेल तेव्हा, जमेल तसे. बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत असावेत, वरिष्ठांनी एखादी केस तिच्या हाती द्यावी, तीन मिनिटे झाली की घड्याळ पाहावे आणि पाचव्या मिनिटास "दे इकडे" म्हणून नळी काढून घ्यावी. वर्षभरात तिने नळी हाती धरली पुष्कळदा. मोठ्या आतड्याच्या शेवटापर्यंत स्वतः पोचली ती बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. असे शिकणारा मनुष्य प्रत्येक तपासणीचा आरंभ तेवढा शिकतो, शेवट कधीच नाही.

गेल्या हिवाळ्यात तिला पंधरा दिवसांच्या एका सघन प्रशिक्षणासाठी पाठविले. त्या पंधरवड्यात वॉर्ड नाही, बाह्यरुग्ण विभाग नाही, रात्रपाळी नाही. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत केवळ दुर्बीण. एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी. पहिले तीन दिवस रुग्णाचे दर्शनही नाही. एक रबरी धड, संगणकावर चालणारे एक खोटे आतडे (हे दुखले की कण्हतेही, म्हणे), आणि कसायाकडून आणून ताटात टाचून ठेवलेले डुकराचे जठर. आमच्या कुटुंबाने हे शेवटचे ऐकले आणि त्या दिवशी भाचीस हात दोनदा धुवावयास लावून मगच पान वाढले.

त्या काळात ती रविवारी आमच्याकडे येई, तेव्हा डाव्या हाताने तिला पाण्याचा तांब्या उचलवत नसे. सारा खेळ डाव्या अंगठ्याचा. दुर्बिणीची मूठ डाव्या पंजात धरावयाची. तिच्यावर एकावर एक बसविलेली दोन चाके असतात. मोठ्या चाकाने आतले टोक वर-खाली वळते, लहान चाकाने डावीकडे-उजवीकडे. तर्जनीखाली दोन खटके, एक हवा व पाणी सोडण्याचा, दुसरा ओढून घेण्याचा. आणि उजव्या हातात ती दीडेक मीटर लांबीची नळी. ती केवळ ढकलावयाची नसते, पिळावयाची असते. डावा हात टोक वळवितो, उजवा हात नळी फिरवितो, डोळे पडद्यावर, कान रुग्णाकडे. तबलजीस यात नवल वाटणार नाही. पण तबला कण्हत नाही.

तिच्या बोलण्यातून आम्हांस जे कळले, त्यातील दोन-तीन गोष्टी आम्हां डॉक्टरलाही नव्या होत्या; किंबहुना आम्हांस त्या कोणी शब्दांत सांगितल्याच नव्हत्या. भिंग आतड्याच्या भिंतीस टेकले की पडदा संपूर्ण लाल होतो, दुसरे काहीच दिसत नाही. नवशिक्याचा हात अशा वेळी पुढे रेटतो, कारण पुढे काहीतरी असेल असे त्यास वाटते. नियम उलटा आहे : लाल दिसले की मागे या. मोठे आतडे पोटाच्या डाव्या खालच्या भागात सैल लोंबत असते. तेथे नळी रेटली तर ती पुढे न जाता वेटोळे घेते, आतडे ताणले जाते आणि रुग्ण कळवळतो. काही वेळा तर नळी आत जात असते आणि टोक मागे सरकत असते. उपाय पुन्हा तोच : नळी मागे ओढा, उजवीकडे पिळा, वेटोळे सुटते, आणि मग न ढकलताच टोक पुढे जाते. मागे आल्यावाचून पुढे जाता येत नाही, हे संसारातही कसे लागू पडते यावर येथे चार ओळी लिहिण्याचा मोह होतो. तो आवरतो.

दुसरी गोष्ट शिकविण्याच्या भाषेची. पहिल्याच सकाळी शिक्षकांनी शब्द ठरवून दिले : थांब, मागे घे, उजवीकडे पीळ, मोठे चाक वर, हवा काढ. एवढेच. "अगं तसे नव्हे, असे जरा", "सांभाळून, सांभाळून" ही आमच्या पिढीची गुरुवाणी तेथे वर्ज्य. आणि शिक्षकास काही समजावून सांगावयाचे असेल, तर त्याने आधी "थांब" म्हणावयाचे. हात थांबले की मगच बोलावयाचे. ज्याचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे गुंतले आहेत त्याच्या कानांत शब्द शिरत नाहीत, हे साधे सत्य. आम्हांस मात्र आमचे गुरुजी ऐन गुंत्यातच सर्वाधिक बोलत असल्याचे आठवते.

पाचव्या दिवशी भाचीच्या हातून एका वृद्ध बाईस बरेच दुखले. बाई "अम्मा, अम्मा" म्हणू लागल्या. हिचे हात गोठले. शिक्षकांनी नळी घेतली, दोन मिनिटांत वेटोळे सोडविले आणि शेवटास पोचले. दुपारी ही स्वच्छतागृहात जाऊन रडून आली. शिक्षकांनी समजूत घातली नाही, की रागेही भरले नाहीत. त्यांनी विचारले, "त्यांना दुखले तेव्हा तू काय केलेस?"

"ढकलले."

"का?"

"लवकर संपावे म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिला पहिल्या तीन केसमध्ये पुढे जाऊच दिले नाही. शिक्षकांनी शेवटापर्यंत जावे, आणि परत येताना प्रत्येक वळण, प्रत्येक घडी हिने पाहत यावे. खरी तपासणी बाहेर येतानाच होते. आत जाणे हा केवळ प्रवास. परतीस निदान सहा मिनिटे द्यावीत, घाई केल्यास लहान गाठी निसटतात, असा या क्षेत्रातला सर्वमान्य दंडक आहे. पंधरवडा संपला तेव्हा तिच्या वहीत साठांवर तपासण्या होत्या. शेवटच्या दिवसांतल्या बहुतेक तिने कोणाचा हात न लागता पूर्ण केल्या होत्या.

हे सारे ती आमच्या ओसरीवर बसून सांगत होती, आणि आम्ही कौतुकाने मान डोलवीत होतो. परंतु मनात १९७९ सालचा एक मनुष्य येऊन बसला होता.

त्या वर्षी आम्ही एका मोठ्या रुग्णालयात शिकत होतो. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. दोष त्याचा एकट्याचा नव्हता, तेव्हा सर्वत्र हीच रीत होती. सगळ्या विभागास मिळून दुर्बीण एक. आजच्यासारखा पडदा नव्हता. काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वर येई आणि ती एका डोळ्याने पाहावी लागे. तुटलेल्या प्रत्येक तंतूचा एक काळा ठिपका, म्हणून जुन्या दुर्बिणीतून पाहिले की जठरावर मिरे सांडल्यासारखे दिसे. शिकणाऱ्यासाठी एक जोडनळी बसविता येत असे. तिच्यातून जे दिसे ते अंधुक. गुरुजी म्हणत, "हा बघ अल्सर", आणि आम्ही "होय सर" म्हणत असू. पाहिलेल्या अल्सरांपेक्षा मान्य केलेले अल्सर अधिक.

एके सकाळी गुरुजी उठून गेले आणि मूठ आमच्या हाती आली. टेबलावर मेदक जिल्ह्यातला एक शेतकरी होता, मोफत वॉर्डातला. त्यास कोणी विचारले नव्हते. विचारावयाचे असते हेच आम्हांस ठाऊक नव्हते. अंगठा त्याने भरतीच्या कागदावर उमटविला होता, तो सर्व गोष्टींस पुरेसा मानला जाई. आम्ही नळी घशात घातली, त्यास उमासे आले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आम्ही घाबरून रेटीत गेलो. दिसले ते केवळ लाल. पाच-सात मिनिटे आम्ही लाल रंग पाहिला आणि नळी काढून घेतली. तो मनुष्य उठून बसला, तोंड पुसले, आम्हांस हात जोडले आणि तेलुगूत विचारले, "डॉक्टरसाहेब, नीट दिसले ना?"

आम्ही "दिसले" म्हटले. कागदावर 'जठर प्राकृत' असे लिहिले. त्याची तपासणी पुन्हा झाली की नाही, हे आम्हांस माहीत नाही. आम्ही चौकशी केली नाही.

या विद्येचा इतिहास वाचताना पहिला देह कोणाचा, हा प्रश्न आम्हांस नेहमी पडतो. १८६८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आडोल्फ कुसमाउल यांनी जठरात पाहण्यासाठी सरळ, कडक नळी घातली, ती तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका मनुष्याच्या घशात. दुसऱ्या कोणास ते जमणे शक्यच नव्हते. वाकविता येणाऱ्या दुर्बिणीची वाट मोकळी केली ती काचतंतूंनी. १९५४ साली लंडनमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातून गेलेले नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते असे प्रसिद्ध केले. ते वाचून बेसिल हिर्शोविट्झ हे त्यांस भेटावयास गेले, आणि १९५७ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्यांची दुर्बीण तयार झाली. ती त्यांनी प्रथम स्वतःच्या घशात घातली. रुग्णाच्या घशात काही दिवसांनी. हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आणि एका देशाने आपला हिशेब उघड मांडल्याचेही उदाहरण आहे. ब्रिटनमधील नऊ हजारांहून अधिक कोलोनोस्कोपींची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. कडक निकष लावले तेव्हा आतड्याच्या शेवटापर्यंत नळी पोचल्याचे प्रमाण जेमतेम ५७ टक्के निघाले. तपासणी करणाऱ्यांपैकी ज्यांच्या पहिल्या शंभर तपासण्या कोणाच्या देखरेखीखाली झाल्या होत्या, असे केवळ १७ टक्के होते. बाकीचे आमच्यासारखेच, लाल रंगातून वाट काढीत शिकलेले. हे आकडे झाकून ठेवावेत असे त्यांस वाटले नाही. प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली, शिकविणाऱ्यांनाही शिकविण्याचे वर्ग सुरू झाले, स्वतंत्रपणे काम करण्यापूर्वी निदान दोनशे तपासण्यांची अट आली. २०११ सालच्या देशव्यापी पाहणीत तेच प्रमाण ९२ टक्क्यांवर गेले होते. हात तेच, माणसे पुष्कळशी तीच.

आता त्या दोन चौकोनांकडे येतो.

कुटुंबाचे मत स्पष्ट होते : "शिकायला तुमचेच आतडे सापडले का त्यांना?" चिरंजीवांनी फोनवरून सांगितले, की ज्या शहरातील डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांना याच विद्येसाठी २०२५ साली पद्मविभूषण मिळाले, ज्या शहरात दुर्बीण शिकावयास परदेशांतून डॉक्टर येतात, त्या शहरात राहून नवशिक्याच्या हाती पोट द्यावयाचे म्हणजे हैदराबादेत राहून शिळी बिर्याणी खाण्यासारखे आहे. दोघांचेही म्हणणे आम्हांस, खरे सांगावयाचे तर, पटत होते. हिमोग्लोबिन साडेनऊ आहे, आत काय आहे कोणास ठाऊक, आतड्यास छिद्र पडण्याचा धोका हजारांत एखादा किंवा त्याहून कमी असला तरी तो एखादा कोणीतरी असतोच, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची पोटे तपासल्यावर शेवटी आपल्या पोटास चांगला हात मिळावा ही अपेक्षा काही अवाजवी नाही. अशी कारणे आम्ही भराभर जमवीत होतो. 'हरकत आहे' या चौकोनाकडे पेन दोनदा गेले.

भाची समोरच बसली होती. तिने आग्रह केला नाही. उलट म्हणाली, "मामा, तुम्ही हरकत आहे म्हटलेत तरी उपचारात काही फरक पडत नाही. खाली तसे छापलेच आहे. आणि तुमची तपासणी मी करणार नाही. नात्यातल्या माणसाला हात लावायचा नाही, असा आमच्या सरांचा नियम आहे."

"तुला सगळे होय म्हणाले?"

"सगळे नाही. दोघांनी नको म्हटले, त्यांची सरांनी केली. बाकीच्यांनी होय म्हटले. त्यांतले कोणी मला ओळखतही नव्हते, मामा."

आम्ही खूण केली. 'हरकत नाही' या चौकोनात. हात फारसा स्थिर नव्हता, हे कबूल करतो.

तपासणीच्या आदल्या रात्रीचे वर्णन करीत नाही. दोन-तीन लिटर खारट द्रव पिऊन ज्यांनी ती रात्र काढली आहे त्यांस सांगावयास नको, आणि इतरांस सांगून उपयोग नाही.

सकाळी आमच्यापुढे आलेला मुलगा अदिलाबादकडचा होता. त्याने प्रथम स्वतःचे नाव सांगितले. मग दखनी वळणाच्या हिंदीत म्हणाला, "मी शिकतो आहे. सर सुरुवातीपासून शेवटपर्यंत इथेच उभे असतील. दुखले तर हात वर करा, मी थांबेन." गुंगीचे औषध आम्ही अगदी थोडे मागितले, पडदा पाहावयाचा होता. डाव्या कुशीवर निजलो, गुडघे पोटाशी घेतले. पंचाहत्तर वर्षे आपण ज्याचे मालक समजतो ते आतडे समोर ओलसर गुलाबी बोगद्यासारखे उघडत गेले. परके वाटले.

थोड्या वेळाने डाव्या बाजूस कळ आली. हात वर केला. तो खरोखरच थांबला.

शिक्षकांचा आवाज आला, "किती आत?"

"साठ सेंटिमीटर."

"त्या वळणाशी किती असायला हवेत?"

"पन्नास." थोडा वेळ गेला. "वेटोळे आहे सर. मागे घेतो."

नळी मागे आली, पिळली गेली, आणि कळ दिवा मालवावा तशी गेली. पुढे आम्हांस उताणे केले, एका सिस्टरने पोटावर तळहात दाबून धरला. एका वळणाशी पडदा लाल झाला. आम्ही श्वास रोखला. तो मागे आला. शिक्षकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलेले आम्ही पाहिले. बाहेर रांग असणारच. ते काही बोलले नाहीत. एकोणिसाव्या मिनिटास तीन घड्या एकत्र मिळतात ती जागा आणि आंत्रपुच्छाचे बारीक तोंड पडद्यावर आले. मोठ्या आतड्याचा हा शेवट. तेथेच, भिंतीवर, कोळ्याच्या लाल जाळ्यासारखा एक ठिपका होता.

"सर, हे..."

"तूच सांग."

"अँजिओडिस्प्लेजिया."

म्हणजे फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे झुबके. म्हातारपणी याच जागी होतात आणि गुपचूप झिरपत राहतात. आमचे रक्त तेथून जात होते. कर्करोग नव्हता. नळी आता शिक्षकांनी घेतली, कारण उजवीकडची भिंत पातळ असते आणि डागणे हे नवशिक्याचे काम नव्हे. आर्गॉन वायूच्या झोताने दोन ठिपके डागले आणि मूठ त्या मुलाच्या हाती परत दिली. परतीस त्याने नऊ मिनिटे घेतली.

तासाभराने आम्ही चहात बिस्किट बुडवीत बसलो असता तो विचारपूस करावयास आला. आम्ही विचारले, "ही कितवी तुमची?"

"त्रेपन्नावी."

"नीट दिसले का?"

तो किंचित थबकला. "उजवी बाजू पूर्ण दिसली, सर. डावीकडच्या वळणाशी एका घडीमागचे मला नीट दिसले नाही. तिथे सरांनी पुन्हा पाहिले. मी तसे कागदावर लिहिले आहे." आणि तो पुढच्या रुग्णाकडे गेला.